७३ पिचनंतर स्नेलला काढणे: निर्णय चुकला, की केवळ निकाल विरोधात गेला?

निशाचर (धागालेखक)

पिचर (चेंडू टाकणारा) कधी बदलावा हा बेसबॉलमधला जुनाच वाद आहे. परंतु टँपा बे रेझचे मॅनेजर केव्हिन कॅश यांनी २७ ऑक्टोबर २०२० च्या रात्री टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे जो बदल केला, त्याचा निवाडा आजही झालेला नाही. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे आधी चार सामने जिंकेल तो विजेता अशा अंतिम मालिकेचा, तो सहावा सामना होता. लॉस एंजेलिस डॉजर्स ३-२ असे पुढे असल्यामुळे त्या रात्री हरणे म्हणजे रेझचा हंगाम तिथेच संपणे. नऊपैकी पहिल्याच इनिंगमध्ये रँडी अरोझारेनाच्या होमरनने (मैदानाबाहेर मारलेल्या फटक्याने) रेझला १-० अशी आघाडी मिळाली होती आणि डावखुरा ब्लेक स्नेल ती एकट्याच्या बळावर राखून होता. सहाव्या इनिंगमध्ये एक बॅटर बाद झाल्यावर नवव्या क्रमांकाच्या ऑस्टिन बार्न्सने सिंगल मारून पहिला बेस गाठला. त्या क्षणी स्नेलच्या नावावर ७३ पिच (टाकलेले चेंडू), ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि २ हिट (बेसपर्यंत नेणारे फटके) अशी नोंद होती आणि वॉक (चार खराब चेंडूंमुळे बॅटरला मिळणारा पहिला बेस) एकही नव्हता.

यानंतर मुकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर यांची पाळी होती. तोपर्यंत या तिघांनी स्नेलला प्रत्येकी दोनदा तोंड दिले होते आणि सहाही वेळा ते स्ट्राइकआउट झाले होते. तरीही कॅश डगआउटमधून बाहेर आले. त्यांना येताना पाहून स्नेल जे काही पुटपुटला ते इथे लिहिण्याजोगे नाही. त्याच्या जागी उजव्या हाताचा निक अँडरसन आला. बेट्सने त्याला डाव्या बाजूला डबल (दोन बेसचा फटका) मारला, पाठोपाठ वाइल्ड पिचवर (कॅचरच्या आवाक्याबाहेर गेलेल्या चेंडूवर) बार्न्स घरी आला, म्हणजे धाव झाली, आणि सीगरने पहिल्या बेसकडे मारलेल्या साध्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) जी-मान चोईचा थ्रो पोहोचण्याआधी बेट्सने होम प्लेट गाठली. मोजक्या पिचमध्ये १-० चे १-२ झाले. आठव्या इनिंगमध्ये बेट्सने होमरन मारला, सामना ३-१ असा संपला आणि डॉजर्सना १९८८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळाले.

बेट्स आणि सीगर यांनी स्नेलला तिसऱ्यांदा पाहू नये, अशी आपली इच्छा होती, असे कॅश यांनी सामन्यानंतर सांगितले. एकाच पिचरसमोर बॅटर तिसऱ्यांदा उभा राहतो तेव्हा तो सरासरीने अधिक यशस्वी ठरतो, हे आकडे सांगतात आणि मला ते मान्य आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या निर्णयात तिसऱ्या फेरीतल्या स्नेलची तुलना कोणत्या अँडरसनशी केली गेली? नियमित हंगामात १६.१ इनिंगमध्ये (म्हणजे सोळा इनिंग आणि एक बाद) ०.५५ अशी अर्न्ड रन सरासरी (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा) राखणाऱ्या अँडरसनशी, की ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांमधल्या अँडरसनशी? ऑक्टोबरमधला अँडरसन थकलेला दिसत होता आणि त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत त्याच्या नावावर किमान एक धाव लागली होती. रेझच्या आकडेमोडीत स्नेलच्या घसरणीचा हिशेब चोख होता. अँडरसनची घसरण प्रत्यक्ष घडून गेलेली होती, तरी तिचा हिशेब मला कुठे दिसत नाही.

गणकयंत्र

धागालेखकांशी असहमत. ही निव्वळ पश्चातबुद्धी आहे. बेट्सचा तो फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या हाती गेला असता, तर हा धागा निघालाच नसता आणि कॅश धोरणी ठरले असते.

जरा मागे जाऊन पाहू. स्नेलने २०२० च्या संपूर्ण हंगामात एकाही सामन्यात सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. तो तसा वापरला जाणारा पिचरच राहिला नव्हता. २०१८ मध्ये त्याला साय यंग पुरस्कार (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळाला ही गोष्ट निराळी. याच मालिकेतला दुसरा सामना आठवून पाहा. तिथेही तो पाचव्या इनिंगपर्यंत एकही हिट न देता पिच करत होता आणि त्याचे सामर्थ्य पाहून आपण सर्वच थक्क झालो होतो. मग दोन बॅटर बाद असताना क्रिस टेलरने दोन धावांचा होमरन मारला, त्यापुढे बेट्सला वॉक आणि सीगरचा सिंगल, आणि स्नेलला काढावे लागले. बघता बघता चित्र पालटले होते. रेझने तो सामना ६-४ असा जिंकला, म्हणून त्या पडझडीची चर्चा कोणी करत नाही. पिचर घसरू लागला हे डोळ्यांना दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, आणि एका धावेच्या आघाडीवर त्या उशिराची किंमत भारी पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे, डॉजर्सनी त्या रात्री काय केले? त्यांनी टोनी गोन्सोलिनला दुसऱ्याच इनिंगमध्ये काढले, एकूण सात पिचर वापरले आणि त्यांच्या सहा रिलीव्हरांनी (मागाहून येणाऱ्या पिचरांनी) मिळून एकही धाव दिली नाही. रिलीव्हरांवर विश्वास ठेवणारे डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांना शाबासकी, आणि तेच करणाऱ्या कॅश यांच्यावर कागदी घोडे नाचवल्याचा आरोप, हा न्याय मला समजत नाही.

निशाचर

गोन्सोलिन अडचणीत होता आणि स्नेल नव्हता, एवढाच तो न्याय आहे. शिवाय रॉबर्ट्स यांनी शेवटी काय केले तेही सांगा: हुलियो उरियास सातव्या इनिंगमध्ये आला आणि लय सापडलेली दिसताच रॉबर्ट्स यांनी त्याला शेवटचे सातही बळी घेऊ दिले. नवव्या इनिंगसाठी ठरलेला माणूस आणण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. म्हणजे जिंकणाऱ्या मॅनेजरने त्या रात्री समोरच्या पिचरकडे पाहून निर्णय घेतला.

दुसऱ्या सामन्याचा दाखला योग्य आहे, पण तिथे स्नेलने चार वॉक दिले होते. ती पडझड काही आकाशातून कोसळली नव्हती. नियंत्रण सुटत असल्याची खूण होती. सहाव्या सामन्यात तशी एकही खूण नव्हती.

बांधावरून

मी ह्यूस्टनमध्ये राहतो आणि ॲस्ट्रोजचा समर्थक आहे, त्यामुळे रेझबद्दल मला विशेष माया असण्याचे कारण नाही. तरी एक आठवण करून देतो. या प्रसंगाच्या दहाच दिवस आधी, १७ ऑक्टोबरला, अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात कॅश यांनी आमच्याविरुद्ध नेमके हेच केले होते. चार्ली मॉर्टन ५.२ इनिंगमध्ये अवघे ६६ पिच टाकून एकही धाव न देता उभा होता. आमचे दोन खेळाडू बेसवर आले, मायकल ब्रँटलीची पाळी आली आणि कॅश यांनी मॉर्टनला काढून याच निक अँडरसनला आणले. ब्रँटली बाद झाला, इनिंग संपली, रेझने सामना ४-२ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी सर्वांनी त्या धैर्याचे गोडवे गायले. तोही सामना हरेल तो घरी, असाच होता. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, त्यांना दहा दिवसांनी बोटे मोडण्याचा अधिकार उरत नाही.

निशाचर

मी तेव्हाही टाळ्या वाजवल्या नव्हत्या, पण ते असो. त्या वेळी आघाडी तीन धावांची होती. एखादा डबल सोसण्याची सोय होती. १-० असताना पहिल्या बेसवर माणूस ठेवून, घसरणीला लागलेला रिलीव्हर आणणे हे त्याच पद्धतीचे असले, तरी त्याच जोखमीचे नव्हते.

तिसरा बेस

एका नियमाकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. २०२० पासून नवा पिचर आणला की त्याने किमान तीन बॅटरना सामोरे जावे किंवा इनिंग संपवावी, असे बंधन आले. त्यापूर्वी मॅनेजर बेट्ससाठी उजव्या हाताचा आणि लगेच सीगरसाठी डावखुरा पिचर असा खेळ करू शकत असे. ती सोय संपली होती. त्यामुळे अँडरसनला बोलावताना कॅश यांनी केवळ बेट्ससाठी निर्णय घेतला नाही. डावखुऱ्या सीगरसमोरही उजव्या हाताचा पिचर उभा करणे त्यांनी पत्करले. सीगर त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणजे तो कोणत्या भरात होता ते वेगळे सांगायला नको. त्यातही बेट्स २०२० मध्ये डावखुऱ्या पिचरांपेक्षा उजव्या हाताच्या पिचरांविरुद्ध कितीतरी अधिक यशस्वी होता, जे उजव्या हाताच्या बॅटरबाबत उलटे असते. आकडेवारीचा आधार घ्यायचाच असेल तर हे आकडेही त्याच वहीत होते.

क्रिकेट पाहत मोठ्या झालेल्यांसाठी अवांतर: बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. गोलंदाजाला दोन षटके विश्रांती देऊन पुन्हा बोलावण्याची चैन इथे नाही.

मध्यममान

‘तिसरी फेरी’ हा शब्दप्रयोग दोन्ही बाजू फार सैलपणे वापरत आहेत. दोन फेऱ्या पूर्ण होताच पिचर एखाद्या कड्यावरून खाली कोसळतो, असे चित्र लोकांच्या मनात आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी संबंधित संख्याशास्त्रज्ञांनी पुढील काळात याच प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या सीमेवर अशी अचानक उडी असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. घसरण होते, पण ती सामना पुढे सरकेल तशी बॅटरगणिक थोडी थोडी होत जाते. म्हणजे एकोणिसाव्या बॅटरला धोका आणि अठराव्याला सुरक्षितता, अशी रेघ ओढण्यात अर्थ नाही.

मात्र धागालेखकांनी यावर खूश होण्याचे कारण नाही. स्नेल ‘भरात’ होता आणि म्हणून पुढच्या बॅटरलाही तो तसाच पिच करेल, हा दावा त्याहून कच्चा आहे. नऊ स्ट्राइकआउट ही घडून गेलेल्या गोष्टीची नोंद आहे, पुढच्या तीन बॅटरांचे ते आश्वासन नव्हे. माझ्या हिशेबाने ताजा अँडरसन आणि त्या रात्रीचा स्नेल यांच्यातील फरक अगदी किरकोळ होता. तुमचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो, तो म्हणजे अँडरसन ताजा नव्हता. सहा सामन्यांचा नमुना लहान आहे हे खरे. पण ज्याच्या ०.५५ वर विसंबलो तो नमुनाही जेमतेम सोळा इनिंगचा होता.

गणकयंत्र

हा शेवटचा मुद्दा मान्य. अँडरसनऐवजी दुसरा रिलीव्हर आणायला हवा होता असे कोणी म्हणाले, तर मी वाद घालणार नाही. परंतु धाग्याचे शीर्षक स्नेलला काढण्याविषयी आहे, आणि स्नेलला ठेवणे हाच निर्विवाद मार्ग होता असे मानणाऱ्यांनी १ नोव्हेंबर २०१५ ची रात्र विसरू नये. न्यूयॉर्क मेट्स वर्ल्ड सिरीजमध्ये ३-१ असे मागे होते, म्हणजे तेही बाद होण्याच्या उंबरठ्यावर. त्यांच्या मॅट हार्वीने आठ इनिंगमध्ये एकही धाव दिली नव्हती, धावफलक २-० होता. मॅनेजर टेरी कॉलिन्स यांनी त्याला थांबवायचे ठरवले होते. हार्वीने डगआउटमध्ये हट्ट धरला, प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करत होते, आणि कॉलिन्स यांनी मन वळवून घेतले. नवव्या इनिंगमध्ये लोरेन्झो केनला वॉक, एरिक हॉसमरचा डबल, सामना बरोबरीत, आणि बाराव्या इनिंगमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स ७-२ असे विजेते. डोळ्यांनी जे दिसले त्यावर विश्वास ठेवण्याचे ते फळ होते. बॉस्टनच्या ग्रेडी लिटल यांनी २००३ मध्ये पेड्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्ये ठेवले, ५-२ ची आघाडी गमावली आणि पुढे नोकरीही. माणसाच्या भावनेने घेतलेल्या निर्णयांची यादी करायला बसलो तर ती कॅश यांच्या यादीपेक्षा लांब होईल.

निशाचर

हार्वीचे १०२ पिच झाले होते, स्नेलचे ७३. मार्टिनेझ थकल्याचे लिटल सोडून साऱ्या मैदानाला कळले होते. थकलेल्या पिचरला ठेवणे आणि न थकलेल्याला काढणे या दोन वेगळ्या चुका आहेत. एकीच्या भीतीने दुसरी करावी, असे कुठे लिहिले आहे?

उत्तरेकडचा

टोरांटोकरांच्या जखमेवर मीठ चोळतो. ४ ऑक्टोबर २०२३, मिनेसोटाविरुद्ध हरल्यास बाहेर पडण्याचा सामना. आमच्या होसे बेरिओसने तीन इनिंगमध्ये पाच स्ट्राइकआउट घेतले होते. चौथ्या इनिंगच्या सुरुवातीला एक वॉक देताच ४७ पिचवर त्याला काढून युसेई किकुचीला आणले. त्याच इनिंगमध्ये दोन धावा गेल्या आणि सामना २-० असा हरलो. दोनच धावा गेल्या हे खरे, आणि शून्य धावा करणारे आमचे बॅटर त्यात तेवढेच दोषी. पण कॅश यांची पद्धत निर्दोष असती, तर तीन वर्षांनी तिच्यावर इतके खापर पुन्हा फुटले नसते.

बांधावरून

निकालावरून पद्धत जोखायची नाही हे ‘गणकयंत्र’ सांगून थकले, आणि आपण आणखी एक निकालच आणलात.

तिसरा बेस

स्नेलचे पुढे काय झाले यावरून काही निष्कर्ष काढता येईल का, असा विचार करत होतो. रेझने त्याच डिसेंबरमध्ये त्याला सॅन दिएगोला देऊन टाकले. २०२३ मध्ये त्याने दुसऱ्या (नॅशनल) लीगमध्येही साय यंग मिळवला, आणि तरीही कारकिर्दीतला पहिला सामना एकट्याने शेवटपर्यंत पिच करायला त्याला ऑगस्ट २०२४ उजाडावे लागले. तो मात्र थेट नो-हिटर (एकही हिट न दिलेला सामना), ११४ पिचचा. पुढे डॉजर्सकडून २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीविरुद्ध त्याने आठ इनिंगमध्ये एकच हिट दिला. त्याला ठेवले असते तर तो टिकला असता, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु तिसऱ्या फेरीत तो मुळातच दुबळा आहे, हा समजही त्यावरून टिकत नाही. त्याला तिथवर फारसे जाऊच दिले जात नव्हते.

मध्यममान

पाच वर्षांनंतरचा स्नेल कॅश यांना उपलब्ध नव्हता. त्यांच्यासमोर प्रश्न एवढाच होता: बार्न्स पहिल्या बेसवर, एक बाद, एका धावेची आघाडी, दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यासाठी मॉर्टन तयार. धागालेखकांनी त्या जागी नेमके काय केले असते?

निशाचर

बेट्स आणि सीगर, दोघेही स्नेलकडे. रेझचा दुसरा रिलीव्हर पीट फेअरबँक्स याला त्याच वेळी बुलपेनमध्ये (रिलीव्हरांच्या सरावाच्या जागी) सरावाला उभे केले असते आणि टर्नरच्या वेळी, गरज पडल्यास, त्याला आणले असते. अँडरसनला त्या रात्री हातच लावला नसता.

गणकयंत्र

आठव्या इनिंगमध्ये बेट्सने जो होमरन मारला, तो फेअरबँक्सलाच मारला होता, एवढे नोंदवून ठेवतो. बाकी ही योजना मला अमान्य नाही. फक्त बेट्सने स्नेलला डबल मारला असता तर सीगरसमोरही त्यालाच ठेवले असते का, ते सांगा.

निशाचर

हो, ठेवले असते. सीगर डावखुरा, स्नेल डावखुरा, आणि आधीच्या दोन्ही खेपांना सीगर स्ट्राइकआउट झालेला. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर माणसे असताना मला ग्राउंडर नको असतो, स्ट्राइकआउट हवा असतो. आणि त्या मैदानावर त्या रात्री स्ट्राइकआउट सर्वांत सहज मिळवणारा माणूस तोवर डगआउटमध्ये जाऊन बसला होता.