स्पॅनिशमध्ये 'नारांहा', मंग अरबांचं 'बुर्तुकाल' कुठून आलं?

वरुडचा_बागवाला:
नमस्कार मंडळी, आमच्याकडं आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू हाये अन् त्यात हा प्रश्न डोक्यात बसला. लहान भाऊ दुबईले नोकरीवर हाये, तो म्हणते तिथं संत्र्याले बुर्तुकाल म्हणतात. अन् स्पॅनिशमध्ये म्हणे नारांहा, म्हणजे चक्क आपली नारंगीच झाली नं! जवळच्या अरबांचा शब्द वेगळा अन् तिकडच्या स्पेनचा आपल्यासारखा, हे कसं काय बॉ? अन् आपला 'संत्रा' पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून आला म्हणतात, खरं हाये का?

पांढरकवडा_मास्तर:
भाऊ, अरबांकडंही नारंगी हाये, फक्त कडू जातीची. शब्द मुळात द्राविडी असावा असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात, तेलुगूत नारिंज आहे, मल्याळममध्ये तर नारंगा म्हणजे लिंबू. तिथून संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, अन् अरबांनी स्पेनमध्ये कडू संत्र्याची झाडं नेली तं झाडासोबत नावही गेलं. गोड संत्रा युरोपात मागाहून पसरला, 15व्या-16व्या शतकात, त्यात पोर्तुगीजांचा मोठा हात, म्हणून अरबी बुर्तुकाल, तुर्की पोर्ताकाल, ग्रीक पोर्तोकाली, सगळीकडं पोर्तुगालच. पोर्तुगीज स्वतः मात्र लारांजा म्हणतात, म्हणजे तेही नारंगच! इराणात आजही नारेंज म्हटलं की कडू अन् पोर्तेघाल म्हटलं की गोड. कोणतं फळ आधी पोचलं अन् कोणतं नंतर, हे नुसत्या नावावरून कळते, मला तं हे फारच भारी वाटते.

काटोलची_ताई:
दादा, सिंत्रावालं मला अजिबात पटत नाही. बाबरानं आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली फळं लिहून ठेवली त्यात 'संगतरा' आहे, अन् बाबर वारला 1530 मध्ये. वास्को द गामा कालिकतला आला 1498 मध्ये, म्हणजे पोर्तुगीज तेव्हा नुकतेच किनाऱ्यावर बसले होते, एवढ्यात त्यांच्या गावाचं नाव पार उत्तरेत जाऊन फळाला चिकटलं असेल हे जुळत नाही.

वरुडचा_बागवाला:
वा ताई, मास्तर, लय छान समजावलं. अन् इंग्रजी ऑरेंजचा 'न' कुठं गेला मंग?

पांढरकवडा_मास्तर:
तो इंग्रजीत यायच्या आधीच गळाला. इटालियन, फ्रेंचमध्ये फळाच्या आधी 'एक' या अर्थाचा जो शब्द लागते त्याच्या शेवटी 'न' येते, दोन 'न' एकमेकांत मिसळले, इटालियनमध्ये आरांचा राहिलं. इंग्रजांनी फ्रेंचमधून तसाच बिना 'न'चा शब्द उचलला, रंगाला तं ते नाव अजून नंतर मिळालं. हंगेरियन भाषा ना आपल्या कुळातली ना अरबीच्या, पण तिथं 'न' शाबूत आहे बघा, नरांच.