आईबाबा येतायत, शिकागोत ते कुठे रमतील? तुमचे अनुभव सांगा

माझे आईबाबा जूनमध्ये साताऱ्याहून येतायत, पहिल्यांदाच. बाबा ७३, आई ६८, तिचे गुडघे दुखतात. दोन वर्षांपूर्वी सासूसासरे आले होते तेव्हा मी एक्सेल शीट वगैरे करून चार दिवसांत अख्खं शिकागो उरकलं होतं, आणि परत जाताना एअरपोर्टवर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सगळं बघितलं गं, पण बसून काहीच बघितलं नाही." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. म्हणून काय काय बघण्यासारखं आहे त्याची यादी नकोय, ती कुठेही मिळते. तुमच्या घरची माणसं कुठे रमली, कुठून निघायला तयार नव्हती, तेवढं सांगा.

नेपरव्हिलहून

आर्किटेक्चरची बोट टूर. ताई, दुसरा विचारच करू नका. दीड तास बसायचं, गुडघ्यांना त्रास नाही, आणि दोन्ही बाजूंनी बिल्डिंगा आपल्या समोरून जातात. माझे बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यांना बिल्डिंगांचं फारसं काही नव्हतं, पण गाइडने सांगितलं की ही नदी पूर्वी लेक मिशिगनला मिळायची, शहराची घाण त्याच पाण्यात जायची आणि तेच पाणी लोक प्यायचे, म्हणून १९०० साली कालवा खणून नदीच उलटी फिरवली, तेव्हा बाबा एकदम सरळ होऊन बसले. बोटीवरून उतरल्यावर गाइडला गाठलं, हाताचा तळवा तिरका धरून विचारतायत, "स्लोप? हाऊ स्लोप?" त्या आजी (हे गाइड व्हॉलंटियर असतात, पगार नाही) दहा मिनिटं थांबल्या, त्यांनीही हातानेच दाखवलं की कालवा लेकच्या पातळीपेक्षा खोल नेला, मग पाणी आपोआप तिकडे वळलं. बाबांनी पुण्यात परत गेल्यावर ऑफिसच्या जुन्या मित्रांना सगळ्यात आधी हेच सांगितलं. वरच्या डेकवर वारा बोचतो, जूनमध्येही स्वेटर ठेवा.

डोंबिवलीहून

मी लेकीकडे आलो होतो २०१८ ला, सोबत माझे वडील, तेव्हा ते ७९. त्यांनी अंबरनाथला एका कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलंय. मिलेनियम पार्कमधलं ते बीन (घेवड्याच्या दाण्यासारखं मोठं चकचकीत शिल्प) सगळे सेल्फीसाठी बघतात, वडील त्याच्या पोटाखाली उभे राहून हात फिरवत होते. मला कळेना काय चाललंय. जोड शोधत होते. लेकीने फोनवर वाचून दाखवलं, स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून केलंय, तरी त्यांना एकही जोड सापडेना. चष्मा काढून गाल जवळजवळ पत्र्याला लावून तिरकं बघत होते, मग म्हणाले, "पॉलिश करणाऱ्यांचे हात बघायला पाहिजेत." हे करणारा अनिश कपूर मूळ आपल्या मुंबईत जन्मलेला हे कळल्यावर तर त्यांना कोण आनंद झाला. सकाळी पार्क उघडल्या उघडल्या जा, मी खात्रीने सांगतो, दुपारी त्याला हात लावायलासुद्धा जागा मिळत नाही.

नागपूरहून

आर्ट इन्स्टिट्यूट. विवेकानंद ११ सप्टेंबर १८९३ ला बोलले ती हीच इमारत. तेव्हाचा सभामंडप आता नाही, फुलर्टन हॉलपाशी आठवणीची पाटी आहे. माझी आई रामकृष्ण मठात नेहमी जाणारी, दारापाशी आली आणि चपला काढल्या. गार्डला वाटलं पायाला काही लागलं, तो खुर्ची घेऊन आला. मी सांगितलं काय ते, तर तो काही न बोलता बाजूला उभा राहिला आणि आईचं होईपर्यंत मागून येणाऱ्यांना हळूच थांबवत होता. मी स्वतः आधी २०१० मध्ये गेले होते तेव्हा आतल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर मुंबईच्या जितिश कल्लाटने ते अख्खं भाषण दिव्यांच्या अक्षरांत लावलं होतं, अमेरिकेच्या दहशतवादी धोक्याच्या इशाऱ्याचे जे पाच रंग असायचे त्याच रंगांत. एकेक पायरी चढत वाचायचं. भाषणाची आणि २००१ च्या हल्ल्याची, तारीख दोन्हीकडे ११ सप्टेंबर, अंगावर काटा आला होता. चित्रांसाठी सगळं म्युझियम पायाखाली घालू नका, व्हीलचेअर मागून घ्या, जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं ते ठिपक्याठिपक्यांचं मोठं चित्र बघा आणि समोर बाकावर बसा.

शॉमबर्गहून

विलिस टॉवर टाळा असं बरेचजण सांगतात, रांग असते, महाग आहे, मान्य. पण आमच्या सासऱ्यांना तेच सगळ्यात आवडलं. १०३ व्या मजल्यावर काचेच्या खोक्यात उभं राहायचं धाडस सासूबाईंनी केलं, सासऱ्यांनी नाही :) हा टॉवर ज्यांच्या डोक्यातून उभा राहिला ते इंजिनियर फझलूर खान ढाक्याचे, नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्यासारखी त्याची रचना आहे, हे आधी सांगून ठेवलंत तर खालून बघतानाही मजा येते. ढग असतील त्या दिवशी मात्र पैसे घालवू नका.

आता पुण्यात, आधी शिकागोत ६ वर्षं

जूनला येतायत ते बरंय. माझी आई डिसेंबरात आली, लेकवरचा वारा लागला आणि चौथ्या दिवसापासून ती खिडकीतून बाहेर बघत बसायची, बोलणं कमी झालं. मला फार अपराधी वाटायला लागलं. शेवटी गारफिल्ड पार्क कॉन्झर्व्हेटरीत नेलं, १९०८ सालचं झाडांसाठीचं काचेचं मोठं घर, तेव्हा तिकीट नव्हतं. बाहेर बर्फ, दार उघडून आत गेलो की ओल्या मातीचा वास आणि चष्म्यावर वाफ. आईने कोट काढला, स्वेटर काढला, आणि केळीच्या पानावरून हात फिरवत म्हणाली, "हिला इथे बरं वाटतंय." त्यानंतर आम्ही दर आठवड्याला जायचो, ती डब्यात थालीपीठ घ्यायची, गाडीत बसून खायचो. जाण्याआधी वेळ राखून ठेवावी लागते का ते बघा.

देवॉनजवळ राहणारी

छोटंसं सांगते. लिंकन पार्क झू फुकट. कल्चरल सेंटर पण फुकट, आत टिफनीच्या काचेचा घुमट आहे, खाली खुर्च्या आहेत, बाथरूम स्वच्छ. डीप डिश (म्हणजे शिकागोच्या जाड) पिझ्झाला पाऊण तास लागतो, भूक लागायच्या आधी ऑर्डर द्या. सगळ्या ट्रेन स्टेशनांना लिफ्ट नाही, घरून निघायच्या आधी बघून घ्या, आम्ही एकदा वडलांना जिन्याच्या मध्यावर बसवून ठेवलं होतं.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार, मी रात्री झोपायच्या आधी सगळं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. एक दिवस एकच ठिकाण, पहिल्या दिवशी बोट, एवढं ठरलंय. आई नदीचं ऐकून गप्प होती, मग तिने विचारलं की चपला काढल्या तर चालतात ना तिथे. नागपूरच्या ताई, फुलर्टन हॉल रोज उघडा असतो का?

नागपूरहून

कार्यक्रम असला की बंद असतो. पोचल्यावर आधी काउंटरवर विचारा, आणि आईंना मोजे घालायला सांगा, फरशी गार असते.