अनुभव धागा: इंग्रजीतला 'मी' आणि आपला मी

इंग्रजीतला 'मी' म्हणजे मला, आणि आपला मी म्हणजे 'आय'. उच्चार एकच, विभक्ती वेगळी. मराठी माध्यमातल्या पोरांना पहिली ठेच इथेच लागते, पण ती लवकर बरी होते असं माझं निरीक्षण आहे. खरा घोळ इंग्रजी बऱ्यापैकी यायला लागल्यावर सुरू होतो. 'बिटवीन यू अँड आय', 'ही इन्व्हायटेड माय वाइफ अँड आय' असली वाक्यं मला नवख्यांच्या लिखाणात क्वचित आणि साहेब लोकांच्या मेलमध्ये भरपूर सापडतात. (मजकूर तपासणं हाच माझा धंदा.)

तुम्ही शिकताना, शिकवताना, ऑफिसात, परदेशात काय पाहिलंत? व्याकरणाचे तक्ते नकोत, प्रसंग लिहा.

घाटावरचे गुरुजी
जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी पाचवीला सुरू व्हायचं. वर्ष बदललं, पण एक खेकसणं तसंच आहे. पोरगं 'मी अँड राजू' म्हणालं की शिक्षक ओरडतात, "आधी दुसऱ्याचं नाव घ्यावं! राजू अँड आय!" सांगायची असते रीतभात, पोरगं ऐकतं व्याकरण. त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की 'मी' गावंढळ आणि 'आय' शुद्ध. मग तो मोठेपणी 'सर कॉल्ड राजू अँड आय' म्हणतो आणि आपण फार नेटकं बोललो असं त्याला वाटतं.

मी वर्गात तेच वाक्य मराठीत म्हणायला लावतो: "सरांनी राजूला आणि मी बोलावलं." वर्ग खो खो हसतो. हसला म्हणजे विभक्ती त्यांना येते, फक्त ती इंग्रजीत दिसत नाही. त्यानंतर राजूला वर्गाबाहेर काढायचं. 'सर कॉल्ड आय' चालेल का? नाही, 'सर कॉल्ड मी'. आता राजूला आत घ्या, 'मी' तिथंच राहील. 'फॉर', 'विथ', 'टू', 'बिटवीन' यांच्या मागून येणाऱ्यालाही हीच परीक्षा. 'बिटवीन'ला मात्र एकटा माणूस चालत नाही, तिथं राजूला काढता येत नाही. तिथं 'बिटवीन अस' म्हणून बघायचं; 'बिटवीन वुई' कुणीच म्हणत नाही.

फलटणची लेक
राजूला बाहेर काढायचं! आज रात्री लेकीच्या अभ्यासाला हेच.

मुलाखतवाली
गुरुजी, तुमचा राजू पुढे माझ्यासमोर येऊन बसतो आणि म्हणतो, "मायसेल्फ राजू, फ्रॉम बार्शी." पुण्यात नोकरभरतीचं काम करते, हे वाक्य रोज कानावर असतं. नोकरी लागल्यावर तोच राजू लिहितो, 'काइंडली सेंड द फाइल टू मायसेल्फ.' माझं मत असं की 'आय' की 'मी' हे ठरवता न आल्यामुळे काढलेली ही पळवाट आहे, आणि वजनदार वाटते म्हणून टिकली आहे. 'आय कट मायसेल्फ' ठीक, कारण कापणारा तोच आणि कापला गेलेलाही तोच. फाइल पाठवणारा दुसरा आणि मिळणार राजूला, तर तिथं 'मी' हवा. नाव सांगताना साधं 'आय अ‍ॅम राजू'. यासाठी मी कुणालाच नापास केलेलं नाही, करूही नये.

डलासची आई
आमच्याकडे उलटी गंगा. इथे जन्मलेली मुलं म्हणतात, "आई, मी भूक लागली", "मी हे नाही आवडत". इंग्रजीत तिथं 'आय' येतो, म्हणून मराठीत मी. रविवारच्या मराठी शाळेत आम्ही आवडणे, आठवणे, वाटणे, जमणे, भूक लागणे अशी 'मला'वाली टोळीच वेगळी केली आहे, तरी 'मी आठवत नाही' येतंच.

आणि गुरुजी, तुमचं खेकसणं इथल्या शाळेतही आहे हो! अमेरिकन मुलं सर्रास 'मी अँड जेक वेंट' म्हणतात, बाई दटावतात, आणि ती मुलं मोठी होऊन 'बिटवीन यू अँड आय' म्हणतात.

निवृत्त पण बडबडा
म्हणजे हा आपलाच दोष नाही, हे बरं झालं कळलं. 'बिटवीन यू अँड आय' शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्येही आहे, अँटोनिओच्या पत्रात. इंग्रजी नामांच्या बहुतेक विभक्ती झडून गेल्या, सर्वनामांत तेवढ्या उरल्या, म्हणून इंग्रज स्वतःही तिथंच अडखळतो. 'हिम' हे मुळात चतुर्थीचं रूप. आणि 'यू' तर एकेकाळी फक्त कर्माच्या जागी यायचं. कर्त्याच्या जागी 'यी' होतं. ते 'यू'ने गिळलं, कुणी रडलं नाही.

कोल्हापुरी तिखट
सर, मग दारावर कोण विचारलं तर 'इट इज आय' म्हणायचं की 'इट्स मी'?

निवृत्त पण बडबडा
'इट्स मी' म्हणा, दार उघडेल. जुन्या व्याकरणाला 'आय' हवा असतो, पण जिवंत माणूस तसं बोलत नाही.

कोल्हापुरी तिखट
आमच्या शेजारच्या काकू नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. बँकेतून फोन आला, साहेब आहेत का? काकू: "दे आर टेकिंग बाथ." पलीकडचा गप्पच. आपले 'ते' आदरानं अनेकवचनी होतात, त्याला काय माहीत आत किती जण आंघोळ करताहेत!

मागचा बाक
काकू काळाच्या पुढे आहेत. तिकडे आता एका माणसालाही 'दे' म्हणतात.

काळा कोट
सगळे 'हूम'ला घाबरतात, पण 'टू हूम इट मे कन्सर्न' आमच्या कोर्टाबाहेरचा टायपिस्टही बिनचूक मारतो. माझा अनुभव वेगळा आहे, इथे मराठीच निसटती निघाली. एका अशिलाच्या जबाबाचं इंग्रजी करायचं होतं. वाक्य: "भाऊ माझ्यापेक्षा तिला जास्त पैसे देत असे." आता हे 'मोअर दॅन मी' की 'मोअर दॅन आय'? 'मी' घातला तर भाऊ मला कमी देत होता, 'आय' घातला तर मी तिला कमी देत होतो. पोटगीचं प्रकरण, त्यामुळे फरक भलताच महाग. इंग्रजांचेही बोलताना या दोन्हींत घोटाळे होतात, म्हणून कागदावर मी 'दॅन आय डिड' किंवा 'दॅन ही गेव्ह मी' असं पूर्णच लिहितो. पण आधी अशिलाला फोन लावावा लागला.

मुलाखतवाली
मग? काय निघालं?

काळा कोट
'दॅन आय डिड'. म्हणाले, "साहेब, मी देत होतो की! फक्त कमी देत होतो."