नव्या डिजिटल रेंजफाइंडरचं मीटर गंडलंय का? ए मोडवर सगळे फोटो काळपट

रंकाळा_काठ

नमस्कार मंडळी. दिवाळीत डिजिटल रेंजफाइंडर (लेन्समधनं न बघता वेगळ्या खिडकीतनं बघून फोकस जुळवायचा कॅमेरा) घेतला, नवा कोरा, बिल हाय, वॉरंटी चालू हाय. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. तर ए मोडवर, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं भोक) आपण ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्यानं, काढलेले फोटो सगळे काळपट यायलेत. थोडंथोडकं नाही, रॉ (कच्ची) फाइल उघडून दोन स्टॉप वर ओढली (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) की मग कुठं माणूस माणसासारखा दिसतोय. आधी वाटलं गुऱ्हाळामुळं असंल, कारण पहिले फोटो करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर काढलेले, काहिलीतनं पांढरी वाफ उठायली होती आणि समोरनं ऊन, तिथं कुठलंबी उजेड मोजणारं मीटर फसणारच. पण नंतर तालमीत गेलो, तांबडी माती, अंधारी जागा, वरनं एक झरोका, तिथं तर उलट उजळ यायला पाहिजे होता, तिथंबी काळाच. मग गच्चीवरची साधी भिंत घेतली, तीच गत. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-काळा करायची सेटिंग) शून्यावर हाय, रिसेट मारून झालं, बॅटरी फुल. लेन्स दोन हायत, एक नवी ३५ ची आणि एक जुनी रशियन ज्युपिटर-८ ॲडॅप्टरवर, दोन्हीला सेम. दुकानदाराला फोन लावला तर म्हणतोय "प्लस दोन लावून वापरा की, काय बिघडतंय". एवढं पैसे घालून कायमचं प्लस दोन? कुणाला अनुभव असंल तर सांगा राव.

गंगावेसचा_भावा

भावा एवढ्या पैशात दोन म्हशी आल्या असत्या, कट्ट्यावर रोज धारोष्ण दूध तरी मिळालं असतं हाहा. चेष्टा जाऊ दे, एक बघ, फोटो काढताना तुझ्या मागनं ऊन असतंय का? माझ्या डीएसएलआरला ट्रायपॉडवर लावून मी बाजूला झालो की मागनं व्ह्यूफाइंडरच्या काचेतनं उजेड आत घुसतो आणि मीटरला वाटतं लई उजेड हाय, मग फोटो काळा. त्या काचेवर काळी चिकटपट्टी लाव आणि बघ.

रीळवाले_काका

गंगावेस, ते डीएसएलआरला बरोबर आहे, इथं लागू नाही. डीएसएलआरचं मीटर बहुतेक वर प्रिझमपाशी बसलेलं असतं म्हणून मागचा उजेड त्याला गाठतो. रेंजफाइंडरमध्ये आपण बघतो ती खिडकी वेगळी आणि लेन्सची वाट वेगळी, दोघांची गाठच पडत नाही. म्हणून तर लेन्सची टोपी तशीच ठेवून लोक फोटो काढत बसतात आणि त्यांना पत्ता नसतो.

रंकाळा, तुमचा कॅमेरा कसा मोजतो ते आधी समजून घ्या म्हणजे दोष कुठं ते निम्मं कळेल. या जातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत लेन्समधून आलेला उजेड बंद शटरच्या पात्यांवर पडतो, मधल्या पात्यावर फिका रंग असतो, आणि तिथून परतणारा उजेड आतला एक बारीक सेल मोजतो. ही पद्धत जुनीच, १९८४ च्या लायका एम६ ला कापडी पडद्यावर पांढरा ठिपका असायचा, तेच तत्त्व. अगदी अलीकडच्या काहींत, उदाहरणार्थ २०२२ चा एम११, हे प्रकरणच काढून टाकलंय, तिथं सेन्सरच मोजतो. तुमच्यात लेन्स काढल्यावर समोर शटरची पाती दिसतात की थेट सेन्सर, ते बघा. हात मात्र लावायचा नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही.

आता हे कुणीतरी सांगेलच की सेलवर धूळ बसली असेल, पात्यावर तेल उडालं असेल, साफ करून घ्या. थांबा. धूळ बसली तर सेलला उजेड कमी दिसेल, कमी दिसला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवेल आणि फोटो उजळ येईल. तुमचा येतोय काळा. म्हणजे सेलला आहे त्यापेक्षा जास्त उजेड आहे असं वाटतंय. घाण हे कारण इथं बसत नाही. साफसफाईच्या नावाखाली कुणाला कॅमेरा उघडू देऊ नका.

मला तीन गोष्टी करून सांगा. एक, तीच भिंत, तेच ॲपर्चर, तोच आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), एक फोटो खिडकीतून बघून आणि लगेच दुसरा लाइव्ह व्ह्यू चालू करून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूला शटर उघडं असतं, पात्यांचा संबंध संपतो, मोजमाप सेन्सरवरून होतं. दोन, भर दुपारी स्वच्छ उन्हात मीटरकडे बघायचंच नाही, सगळं हातानं लावायचं, आयएसओ २००, शटर १/२५०, ॲपर्चर एफ १६. फोटो ठीक आला तर शटर आणि सेन्सर दोघं निर्दोष. तीन, भिंतीसमोर ॲपर्चरची रिंग एकेक स्टॉप फिरवा, शटरचा आकडा दर स्टॉपला दुप्पट-निम्मा होतोय का बघा. कुठं अडकतोय, उड्या मारतोय का?

रंकाळा_काठ

काका आज सगळं केलं. लेन्स काढल्यावर पातीच दिसतात, मधल्यावर करड्या रंगाची पट्टी हाय. रिंग फिरवली की आकडा नीट बदलतोय, एफ २ पासनं एफ ११ पर्यंत कुठं अडकत नाही. उन्हात एफ १६ वाला एकदम झक्कास आला, आभाळाचा निळा, समोरच्या घराचा चुना, सगळं जाग्यावर. आणि भिंतीची गंमत, लाइव्ह व्ह्यूला शटर १/६० आणि खिडकीतनं बघून १/२५०. तीच भिंत, तेच ॲपर्चर, तोच आयएसओ. लाइव्ह व्ह्यूचा फोटो बरोबर, दुसरा काळा.

रीळवाले_काका

सापडलं की मग. ६० चं २५०, म्हणजे बरोबर दोन स्टॉप. शटर ठीक, सेन्सर ठीक, दोन्ही लेन्स ठीक, आणि सेल मेलेलाही नाही कारण बदल नीट दाखवतोय, फक्त त्याचं शून्य सरकलंय. कारखान्यातलं कॅलिब्रेशन चुकलेलं किंवा सेलच्या सर्किटमध्ये दोष. घरी करण्यासारखं काही उरलं नाही, वॉरंटीत पाठवा. प्लस दोन लावून चालेल हे खरंय, पण ते आज. सर्किट असेल तर उद्या ते तीन होईल आणि तोवर वॉरंटी संपलेली असेल. दुकानदाराचं काय जातंय सांगायला.

पाचगाव_फ्रेम्स

दादा, सर्व्हिसला पाठवताना नुसतं "फोटो काळे येतात" असं लिहू नका हं. मी लग्नाची कामं करते, बॉडी दोनदा परत आली होती "टेस्टेड ओके" असा कागद चिकटवून, कारण त्यांनी त्यांच्या टेबलावर एक फोटो काढून बघितला असणार. भिंतीचे ते दोन फोटो रॉमध्ये एका पेनड्राइव्हवर द्या, सोबत एका पानावर लिहा की कुठला लाइव्ह व्ह्यूचा, कुठला नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे भिंतीवर एफ नंबरची चिठ्ठी चिकटवून फ्रेममध्ये घ्या. या असल्या लेन्स कॅमेऱ्याला ॲपर्चर कळवत नाहीत, फाइलमध्ये जो आकडा दिसतो तो कॅमेऱ्याचा अंदाज असतो. नाहीतर तेवढ्यावरून म्हणतील की तुम्ही मध्येच रिंग फिरवली. फर्मवेअर आधीच अपडेट करून ठेवा, त्यांचं पहिलं उत्तर तेच असतं.

गंगावेसचा_भावा

चिठ्ठीची आयडिया नाद खुळा. चिकटपट्टीचं मागं घेतो काका. पण मला एक कळंना, कॅमेरा जाईपर्यंत ह्यानं फोटो काढायचेच नाहीत व्हय? गुऱ्हाळाचा सीझन चालू हाय.

रीळवाले_काका

का नाही काढायचे? बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि सिनेमे काढले तेव्हा विजेवर चालणारं मीटर बाजारात आलंच नव्हतं, ते १९३० च्या दशकातलं. उन्हात एफ १६, ढग दाटले की एफ ५.६, उघड्या सावलीत एफ ४, शटर आणि आयएसओ तेच. गुऱ्हाळात चुलवाणाच्या बाजूला मात्र हे चालणार नाही, तिथं लाइव्ह व्ह्यू लावून मोजा आणि तो आकडा मॅन्युअलला टाका, वाफ फ्रेममध्ये न घेता माणसाच्या हातावर मोजा. आपल्याकडच्या रापलेल्या हातावरचं मोजमाप बहुतेक जसंच्या तसं चालतं, गोऱ्या तळव्यावर मोजलं तर एक स्टॉप वाढवायचा.

रंकाळा_काठ

दुकानात जाऊन आलो. दोन फोटो आणि चिठ्ठी बघितल्यावर प्लस दोनचं नाव नाही काढलं, गपगुमान फॉर्म भरून घेतला. आधी गुऱ्हाळावरचं उरलेलं काम लाइव्ह व्ह्यूवर उरकतो, मग बॉडी देतो. लेन्सबी मागायलेत, द्यायची का?

पाचगाव_फ्रेम्स

नको. दोन्ही लेन्सवर तोच दोष येतोय म्हणजे लेन्सचा संबंध नाही, तसं फॉर्मवरच लिहा. बॉडी कॅप लावून द्या, मेमरी कार्ड काढून घ्या, आणि पोच पावतीवर सिरियल नंबर स्वतः वाचून बघा.