मदत हवी आहे: नॉर्वेजियन 'टिंग' म्हणजे सभा की वस्तू?

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे सध्या नॉर्वेत राहतो आणि इथली भाषा शिकतो आहे. इथल्या संसदेला स्टूर्टिंग म्हणतात, म्हणजे थोरली सभा. खटला पहिल्यांदा जिथे उभा राहतो ते न्यायालय टिंगरेट. डेन्मार्कची संसद फोल्केटिंग, आइसलँडची आल्थिंग. इथवर सगळं सरळ आहे. पण हाच 'टिंग' घरीदारी कशालाही चालतो: चमचा टिंग, छत्री टिंग, डोक्यात घोळणारी बाबही टिंगच. फरक एवढाच की सभा नपुंसकलिंगी आणि वस्तू पुल्लिंगी. इंग्रजीतला थिंग आणि जर्मनमधला डिंग हे याच घरातले, हे कानालाच कळतं.

हा मुळात एकच शब्द आहे का? असेल तर आधी सभा की आधी वस्तू? इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यावर लिहायला घेतलं आहे आणि नेमका इथेच अडलो आहे.

सभांविषयी मात्र बरंच वाचून झालं. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलाटिंग आणि ट्रोन्हेइमच्या फ्योर्डकाठी फ्रोस्टाटिंग अशा मोठ्या प्रादेशिक सभा भरत. आजही त्या भागांतल्या अपील न्यायालयांना तीच नावं आहेत. आल्थिंग ९३० साली थिंगवेत्लिरच्या मोकळ्या माळावर सुरू झाली आणि १७९८ पर्यंत तिथेच भरत राहिली. तिथल्या कायदेवक्त्याचं काम वाचून मी थक्क झालो. कायदा लिहिलेला नव्हताच. दर उन्हाळ्यात त्याने एक तृतीयांश कायदा सगळ्यांसमोर मुखोद्गत म्हणायचा, तीन वर्षांत पूर्ण. कायदा लेखी उतरवायला सुरुवात झाली ती १११७ च्या हिवाळ्यात. वेदपाठी परंपरा असलेल्या देशातून आलेल्या माणसाला हे वाचताना परकं वाटत नाही.

आणखी एक. हे सगळं टिपताना सारखा आपला 'गोष्ट' हा शब्द आठवतो. 'ती गोष्ट वेगळी', 'गोष्ट सांग', 'बाजारातून चार गोष्टी आणायच्यात'. यालाही असाच काही इतिहास आहे का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

छान विषय. शब्द एकच, आणि आधी सभा.

एक असल्याचा पुरावा ध्वनींत आहे. इंग्रजी, जर्मन, नॉर्वेजियन या सगळ्या जर्मानिक घराण्यातल्या भाषा. त्यांचा मूळ 'थ' इंग्रजीत टिकला, जर्मनमध्ये त्याचा 'ड' झाला आणि नॉर्वे-स्वीडनकडे बहुतेक ठिकाणी 'ट'. तीनचा आकडा घ्या: थ्री, द्राय, ट्रे. धन्यवाद घ्या: थँक, डांके, टाक. थिंग, डिंग, टिंग याच रांगेत बसतात. म्हणजे कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही, वारशाने आलेला आहे.

अर्थाचा प्रवास असा मानतात. गॉथिक या आता लुप्त झालेल्या जुन्या जर्मानिक भाषेत याच्या नात्यातला 'थेइह्स' हा शब्द आहे, त्याचा अर्थ 'काळ, वेळ'. त्यावरून तर्क असा की सुरुवातीला 'ठरलेली वेळ', मग त्या वेळी भरणारी सभा. सभेत लोक काय घेऊन येणार? तंटा, दावा, फिर्याद. त्यामुळे सभेपुढचं प्रकरण तेही थिंग. मग कुठलीही बाब, आणि शेवटी हातात धरता येईल अशी वस्तू. केंटच्या राज्याचे सातव्या शतकाच्या अखेरचे इंग्रजी कायदे आहेत, त्यांत हा शब्द सभा याच अर्थाने येतो. पुढे इंग्रजीने सभा टाकून दिली आणि वस्तू ठेवली. तुमच्या नॉर्वेजियनने दोन्ही ठेवलं, म्हणून तुमचा गोंधळ झाला.

जर्मनमध्येही जुनी सभा पार गेलेली नाही, नुसती लपली आहे. 'फेरटायडिगन' म्हणजे बचाव करणे. त्याच्या पोटात 'टागेडिंग' आहे, म्हणजे खटल्याचा नेमलेला दिवस. 'बेडिंगुंग' म्हणजे अट, तीही वाटाघाटीतूनच आलेली. डचमध्ये खटल्याला आजही 'खेडिंग' म्हणतात.

शंका वाटत असेल तर शेजारच्या लॅटिनकडे बघा. 'काउसा' म्हणजे खटला, कारण. त्यापासून फ्रेंच 'शोज' आणि इटालियन 'कोसा', दोन्हींचा अर्थ वस्तू! तुम्ही रोज वापरत असाल तो नॉर्वेजियन 'साक' हा शब्दही खटला आणि बाब या दोन्ही अर्थांनी चालतोच की.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त एक भर, कारण ती मला फार आवडते. इंग्लंडच्या उत्तरेत हेड्रियनच्या भिंतीवर हाउसस्टेड्स नावाचा रोमन किल्ला आहे. तिथे तिसऱ्या शतकातली एक वेदी सापडली, रोमन सैन्यात असलेल्या जर्मानिक शिपायांनी उभारलेली. तिच्यावर देवाचं नाव आहे 'मार्स थिंक्सस', सभेचा रक्षक मार्स. जर्मन 'डीन्सटाग' आणि डच 'डिन्सडाख' ही वाराची नावं या थिंक्ससवरून आली, असं स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे देतात. तो वार म्हणजे आपला मंगळवार, आणि मार्स म्हणजे मंगळच. लेखात हे जरूर घ्या.

प्रतिसाद ३

'गोष्ट' बद्दल तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. संस्कृत 'गोष्ठ' म्हणजे गाई बांधायची जागा, त्यातूनच आपला गोठा. 'गोष्ठी' म्हणजे जमलेली मंडळी, मग त्या मंडळींतलं बोलणं. हिंदीत आजही साहित्य संमेलनासारख्या चर्चेला गोष्ठी म्हणतात, म्हणजे तिथे सभा शिल्लक आहे. मराठीत बोलण्याचा अर्थ पुढे आला. ज्ञानेश्वरीत 'गोठी' हा शब्द बोलणं, वार्ता अशा अर्थाने भेटतो आणि 'गप्पागोष्टी' मध्ये तो आजही जिवंत आहे. बोलण्यातून कथा, बोलण्याचा विषय म्हणून बाब, आणि मग बाजारातून आणायच्या चार गोष्टी.

लेखात एक काळजी मात्र घ्या. दोन्ही शब्दांची धातू वेगळी, नातं शून्य. थिंगचा संबंध लावायचाच तर संस्कृत 'तन्', म्हणजे आपलं ताणणं, याच्याशी लावतात: ताणलेला, लांबवलेला काळ. गोष्ट आणि थिंग सारख्या वाटेने चालले, एवढंच म्हणा. 'मराठी आणि नॉर्वेजियनचं मूळ एकच' असा मथळा दिलात तर वाचक भलतंच समजतील.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. 'साक' चा दाखला तर डोळ्यांसमोर होता, रोज बातम्यांत ऐकतो. मंगळवारही घेतो आणि मथळ्याची सूचना शिरसावंद्य.

आता एकच विनंती. 'गोष्ट' हा शब्द निव्वळ हातात धरायच्या वस्तूसाठी वापरल्याचं जुनं मराठी उदाहरण मला हवं आहे. बखरी, पेशवे दफ्तरातली पत्रं किंवा महानुभावांचं गद्य, कुठलंही चालेल. कोणाच्या वाचनात आलं असेल तर ओळ आणि ग्रंथाचं नाव इथेच द्या, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. अंकाचा मजकूर घटस्थापनेपर्यंत द्यायचा आहे.