चोवीस इंच स्केलच्या गिटारवर सी सुरावट ठेवायची असल्यास तारा किती जाड असाव्यात?

प्रश्न

माझ्या इलेक्ट्रिक गिटारचे स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, २४ इंच असून तिला १० ते ४६ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) संच लावलेला आहे. ई सुरावटीत, म्हणजे तारांच्या नेहमीच्या जुळणीत, कधी अडचण आली नाही. परंतु सर्व तारा चार अर्धस्वर उतरवून सी सुरावटीत आणल्यापासून सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार इतकी सैल झाली आहे की पिकचा आघात जरा जोरात झाला तरी ती फ्रेटांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते आणि स्वर आधी चढा लागून मग खाली येतो. कोणता संच घ्यावा? जाड तारांनी गिटारची मान वाकेल का, हीही धास्ती आहे.

पहिले उत्तर

तारेचा ताण तिची लांबी, जाडी आणि स्वराची वारंवारता या तिन्हींच्या वर्गांच्या प्रमाणात बदलतो. चार अर्धस्वर उतरल्यावर वारंवारता सुमारे ७९ टक्के उरते, म्हणजे ताण सुमारे ६३ टक्केच राहतो. तो भरून काढण्यासाठी जाडी सुमारे १.२६ पट हवी. या हिशेबाने पहिली तार १० ऐवजी १२ किंवा १३ आणि सहावी ४६ ऐवजी ५८ च्या आसपास येते. लांब स्केलवर वाजवणाऱ्यांचा सल्ला मात्र जसाच्या तसा घेऊ नका, कारण फेंडर मस्टँग किंवा जॅग्वारसारख्या २४ इंची गिटारवर तोच संच त्याच सुरावटीत २५.५ इंचीच्या तुलनेत सुमारे ११ टक्के कमी ताण देतो. मानेची धास्ती बाळगू नका. एकूण ताण पूर्वीइतकाच राहणार आहे. थोडा फरक पडलाच, तर तो ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आतल्या धातूच्या कांबीने, दुरुस्त होतो.

दुसरे उत्तर

हिशेब योग्य आहे, पण तिसऱ्या तारेचा विचार राहून गेला. १७ ची साधी (वर वेटोळे नसलेली) तार त्याच प्रमाणात वाढवली की २१ किंवा २२ होते, आणि एवढी जाड साधी पोलादी तार आखूड स्केलवर काठीसारखी ताठ वागते: खुली तार सुरात असते, पण वरच्या फ्रेटांवर स्वर चढतो आणि सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) कितीही मागे नेले तरी समाधान होत नाही. त्या जागी २२ किंवा २४ ची गुंडाळलेली तार घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. बेंड करताना, म्हणजे स्वर चढवण्यासाठी तार बाजूला ओढताना, तिला अधिक अंतर ओढावे लागते, हे मात्र मान्य करावे लागेल.

तिसरे उत्तर

मी सहावी ५६ चीच घेईन. ५८ च्या मानाने ताण साधारण ७ टक्के कमी पडतो, पण हात थोडा हलका ठेवल्यास ती खडखडत नाही आणि आवाजही मोकळा राहतो.

नटकडे, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीकडे, मात्र दुर्लक्ष करू नका. ४६ साठी कोरलेल्या खाचेत ५६ ची तार तळाशी बसत नाही, ती वर अडकून राहते आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरचे स्वर चढे लागतात. खाच तारेच्या जाडीच्या कानशीने रुंद करावी, खोल करू नये. एकदा रुंद केलेल्या खाचेत पातळ तार पुन्हा सैल बसते, म्हणून सी सुरावट कायम ठेवायची आहे की नाही, हे कानस हाती घेण्यापूर्वीच ठरवा. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे सर्व फ्रेटांवर स्वर सुरात येण्याची जुळणी, पुन्हा लावावे लागेल. जाड तारेसाठी सॅडल बरेच मागे जाते, आणि आड येणारी स्प्रिंग आखूड करावी लागू शकते.