४० हजारांत आधी काय बदलावं: स्पीकर, अ‍ॅम्प की सुई?

खर्जातली
बाबांच्या तबकड्या ठाण्याच्या घरी आणून वर्ष झालं. दीडशेच्या आसपास एलपी आहेत, बहुतेक ख्यालाच्या. टर्नटेबल त्यांचाच, अ‍ॅम्प (आवाज मोठा करून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर) जुना, चॅनलला ४० वॅटचा, आणि साडेसहा इंची वूफरचे (खालच्या सुरांच्या भोंग्याचे) छोटे बुकशेल्फ स्पीकर. हॉल १७ फूट बाय १०. स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना कोपऱ्यात, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला.

तक्रारी दोन. पुरुष गायकाची एलपी लावली की तंबोऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालचा षड्ज) खोलीभर घुमतो आणि विलंबितातले खालचे स्वर त्यात बुडून जातात. दुसरी, तबकडीची बाजू संपत आली की आवाज फाटतो, तेही नेमकं द्रुत रंगात आलेलं असताना. दुकानदार म्हणाला, आधी १०० वॅटचा अ‍ॅम्प घ्या. माझा कल स्पीकरकडे आहे. ४० हजार साठवायला दीड वर्ष लागलं, त्यामुळे चूक परवडणार नाही. काय करू?

मंद्र
स्पीकर. दुसरा विचारच नको. बऱ्यापैकी अ‍ॅम्पमधली विकृती शतांश टक्क्यांत असते, स्पीकरची मंद्रात, म्हणजे खालच्या सुरांत, सहज एक-दोन टक्क्यांवर जाते. साखळीतली सगळ्यात कमजोर कडी तीच. शिवाय ४० चे ८० वॅट केले तरी हाती लागतात तीन डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात, म्हणजे दुकानदाराच्या १०० वॅटमध्ये तुमच्या तक्रारीवर काहीच उपाय नाही.

लॅमिंग्टन_रोड
अ‍ॅम्पला इतकं झटकू नका. मी तीस वर्षं जुने अ‍ॅम्प उघडतोय. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकले की तबल्याच्या थापेला अ‍ॅम्प दम टाकतो आणि डग्गा पसरट वाजतो. पण त्यासाठी नवा अ‍ॅम्प लागत नाही, कपॅसिटर बदलले की काम होतं. आधी एवढं करा: काहीही न वाजवता स्पीकरला कान लावा. घूं असा आवाज येत असेल तर अ‍ॅम्प कारागिराकडे न्या.

जवारी
दोघांशीही सहमत नाही. सुरुवात सुईपासून. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने १९७२ मध्ये सोनडेक एलपी१२ हा टर्नटेबल काढला तेव्हा त्यांचा आग्रहच हा होता: तबकडीवरून जे उचललं गेलं नाही, ते पुढे कुठल्याच पेटीतून निघणार नाही. पुढे या मताचा काही लोकांनी अतिरेक केला हे मान्य, पण तुमच्या बाबतीत ते शब्दशः लागू आहे.

बाजू संपताना आवाज का फाटतो ते सांगतो. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच सेकंदाचा नाद निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. ख्यालाच्या एलपीत विलंबित आधी आणि द्रुत शेवटी, म्हणजे सगळ्यात चपळ ताना सगळ्यात अरुंद जागी येतात. झिजलेल्या सुईला ती वळणं झेपत नाहीत. ती त्यांच्या भिंती खरवडत जाते. सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते. तुमची कधी बदलली होती? स्पीकर सहा महिन्यांनी घेतलेत तरी काही बिघडणार नाही, पण बाबांच्या तबकडीतून खरवडली गेलेली तान परत येणार नाही.

मंद्र
सुई उपभोग्य वस्तू आहे, ती बदलणं म्हणजे देखभाल. इथे प्रश्न अपग्रेडचा आहे. घुमणाऱ्या खर्जावर बोला की. तो सुईने कसा जाणार?

घनफूट
तो स्पीकरनेही जाणार नाही. हिशेब मांडते. गायक पांढरी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीत) गात असेल तर षड्ज सुमारे १३१ हर्ट्‌झ, आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६५. आता खोली बघा. १७ फूट म्हणजे ५.१८ मीटर. नादाचा वेग ३४३ घेतला तर या लांबीत ३३ आणि त्याच्या दुप्पट, ६६ हर्ट्‌झला आवाज ठाण मांडतो. खोलीच जणू खर्जात लावलेली आहे! ६६ चा जोर दोन्ही टोकांच्या भिंतींशी आणि मधोमध सर्वांत जास्त असतो. स्पीकर एका टोकाला, तुमचे कान दुसऱ्या टोकाला. यात आणखी खोलवर वाजणारे महाग स्पीकर आणलेत तर त्रास वाढेल.

कान भिंतीपासून तीन फूट पुढे आणा आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. सध्या एक रुपयाही खर्चू नका.

लॅमिंग्टन_रोड
दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये सोफा तीन फूट पुढे? बाल्कनीत जायचं कुठून?

घनफूट
सोफा राहू दे. ऐकण्यापुरती खुर्ची पुढे ठेवा.

खर्जातली
रविवारी सकाळी करून पाहिलं. स्पीकर कोपऱ्यातून दोन-दोन फूट आत घेतले, मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन बसले. तंबोरा मागे गेला, अगदी गायकाच्या पाठीमागे बसल्यासारखा. त्याच्या तारांची झार, म्हणजे जवारी, वेगळी ऐकू येते आणि मंद्र पंचमाच्या खाली गेलेला गळा पहिल्यांदा मोकळा कळला. आईला बोलावून बसवलं. ती संपूर्ण बाजू उठली नाही. बाबा गेल्यापासून ती असं बसून ऐकत नव्हती.

द्रुत मात्र तसंच फाटतं. सुई कधी बदलली ते आईलाही आठवत नाही, म्हणजे पंधरा वर्षं तरी झालीच. स्पीकरला कान लावून पाहिला, घूं नाही. उद्या त्याच कार्ट्रिजची (सुई जिच्यात बसते त्या डबीची) इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची, सुई मागवते. ती येईपर्यंत एकही तबकडी लावणार नाही.

जवारी
उत्तम. नवी सुई बसवल्यावर तिचा तबकडीवरचा भार वजनकाट्यावर मोजा. कमी भार ठेवला की तबकडी वाचते हा गैरसमज आहे, सुई खाचेत उडते आणि जास्त इजा करते. आणि ७८ च्या तबकड्या असतील तर या सुईने चुकूनही वाजवू नका. त्यांची खाच बरीच रुंद, त्यांना वेगळी सुई लागते.

मंद्र
घुमण्याबद्दल माझं चुकलं, घनफूट यांचं बरोबर होतं. पण उरलेले पैसे दुसरीकडे वळवू नका, माझं मत अजून स्पीकरच. जाळी काढून वूफरच्या कडेची रिंग बघा. फोमची असेल तर हलकेच बोट लावा. आपल्या दमट हवेत तो फोम काही वर्षांत भुगा होतो. चिकट लागला किंवा तुकडा हाताला आला तर सांगा, रिंग बदलून घ्यायची की नवी जोडी, ते मग ठरवू.

खर्जातली
डावा ठीक आहे. उजव्याला खालच्या बाजूने बोटभर चीर आहे.